कारण : गायीची लाथ

११ जानेवारी २०१६, सोमवार

जिल्ह्याच्या गाडीतून औषधं आली नाहीत, चित्रं आली. सात मोठाली चित्रं, वर छापलंय ‘दुखापती आणि हिंसा टाळूया’. दर शुक्रवारी दवाखान्यात बायकांना गोळा करायचं आणि एकेक चित्र समजावून सांगायचं. कोळशाच्या शेगडीचा विषारी वायू, तंदूर, उकळतं पाणी, बर्फ, घोडा, औषधांच्या बाटल्या. आणि सातवं, घरातली मारहाण. त्या चित्रात एक बाई गुडघ्यांत तोंड खुपसून बसलीय. लग्न झालेली दाखवलीय आणि डोक्याला रुमाल नाही. आमच्या बायका मार बाजूला ठेवून रुमालावरच तासभर बोलतील.

मी जिल्ह्याच्या बाईंना फोन करून स्पष्ट सांगितलं, सातवं चित्र आमच्याकडे नको. माझ्या नोंदवहीत मारहाणीच्या रकान्यात शून्य आहे, गेली अकरा वर्षं शून्य. बाई म्हणाल्या, “अख्ख्या तालुक्यात असं एकच गाव असेल हो.” मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला.

घाटापलीकडे जाणाऱ्या गाडीवाल्याकडे जिपारसाठी लोणी आणि साय पाठवली. पोरीचा सासरचा पहिला हिवाळा. त्यांची गाय आटलीय, एप्रिलात व्यायची आहे, तोवर चहात घालायला घरचं दूध नाही. विहीणबाई कडक आहेत, पण लोणी बघून मऊ होतील.

१५ जानेवारी, शुक्रवार

पहिला वर्ग. तेवीस बायका आल्या. विषारी वायूला वास नसतो, झोपण्याआधी धुराड्याची झडप पूर्ण लावायची नाही, हे सांगता सांगता घसा बसला. उलकान आजी पहिल्या रांगेत. सत्तरी उलटलीय पण जिभेला हाड नाही. म्हणाली, “जुरा एजे, वास नसलेलं विष शेगडीतच असतं असं कुणी सांगितलं तुला?” सगळ्या हसल्या. तिच्याहून वीस वर्षांनी लहान मी, तरी मला एजे म्हणते. गावभर मी थोरली बहीणच. पंचवीस वर्षांपूर्वी ओश शहरातून लग्न करून आले तेव्हापासून.

२६ जानेवारी, मंगळवार

सायकाल आली. शाळेसमोर राहते, दोन पोरांची आई. डाव्या बरगडीला हात लावू देईना. दोन बरगड्या नक्की गेल्यात. विचारलं, कशानं? म्हणाली, “गायीनं लाथ मारली.” नोव्हेंबरातही तेच झालं होतं. मी तिला झापलं. “अगं, एकदा मारते तिचे मागचे पाय बांधायला नकोत का?” ती म्हणाली, “बांधेन, एजे.”

ती गेल्यावर नोंदवही चाळली. एका वर्षात गायीच्या लाथा चौदा. तंदुरानं भाजलेल्या पाच, बर्फावर घसरलेल्या नऊ, आणि लाथा चौदा! आणि जिल्ह्यानं पाठवलेल्या चित्रांत गायच नाही. शहरात बसून चित्रं काढली की असं होतं. ठरलं, सातव्या चित्राच्या जागी मी माझा गायीचा वर्ग घेणार.

बेकतुर असता तर त्यालाच उभा केला असता. तो जनावरांचा डॉक्टर, मी माणसांची. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. मी लाथांबद्दल तक्रार केली की म्हणायचा, “जुरा, आपल्या गावच्या गायी बिचाऱ्या निर्दोष आहेत.” जनावरांची बाजू घ्यायची खोडच होती त्याला. सगळ्या जन्मात त्यानं ना गायीवर काठी उगारली ना माझ्यावर आवाज चढवला. जिपारवर तर नाहीच.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

गायीचा वर्ग झाला. असा वर्ग मी जन्मात घेतला नव्हता, पण कसा झाला ते मला अजून नीटसं कळलेलं नाही.

आमची अला गाय दवाखान्याच्या अंगणात आणून बांधली. बेकतुरच्या तोंडचे नियम जसेच्या तसे सांगितले. जवळ जायचं ते उजव्या बाजूनं. आधी नावानं हाक, मग हात. हळू बोलायचं. भुकेली असेल तर जवळ जायचं नाही, आधी पुढ्यात चारा टाकायचा. हात गार नकोत. उलट मारायचं नाही, जनावर विसरत नाही. आणि एकदा लाथ मारली की मागच्या पायांना दोर.

उलकान आजीनं हात वर केला. “आणि एजे, गाय पिऊन आली असेल तर?”

मी म्हटलं, “पोटभर पाणी प्यालेली गाय उलट शांत असते.”

अशा हसल्या, अशा हसल्या! डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. एकीनं विचारलं, “आणि गायीची आई बाजूला उभी राहून चिथवत असेल तर?” पुन्हा हशा. मीही हसले, बायका खुलल्या तर चांगलंच आहे. आणि म्हटलं, “दुभत्या गायीच्या लाथा गोड, असं आपण म्हणतो खरं, पण बरगडीला त्या गोड लागत नाहीत.” तेव्हा मात्र बायका रुमाल सावरू लागल्या. सायकाल उठून निघून गेली. मी हाक मारली, तिनं मागे वळून पाहिलं नाही.

काही चुकलं का? सायकालचं नाव तर मी घेतलं नव्हतं.

९ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी जिपारचा फोन. आवाज बारीक. म्हणाली, “आई, मला गायीनं लाथ मारली.”

“कुठे लागलं?”

“कानापाशी.”

“कानापाशी? म्हणजे तू पार खाली वाकून बसली असणार. रक्त आलं का?”

“थोडं.”  मग म्हणाली, “आई, तुला कळतंय ना मी काय म्हणतेय?”

“न कळायला काय झालं? इथे महिन्याला एकीचं तरी हेच असतं. मी कालपरवाच सगळ्यांना शिकवलं.” आणि सगळे नियम तिला पुन्हा सांगितले, बापाची लेक आहे, तिला पाठच असायला हवेत. भुकेली असताना जवळ जाऊ नकोस. हळू बोल. उजवीकडून जा. “आणि हे बघ, चूक गायीची नसते गं. आपलंच काहीतरी चुकलेलं असतं म्हणून ती बिथरते. तुझे बाबा हेच सांगायचे.”

ती म्हणाली, “बाबा असं सांगायचे?”

“मग! आणि इतकं मनाला लावून घेऊ नये. दुभत्या गायीची लाथ गोड मानायची. तुझ्या घरची लक्ष्मी आहे ती.”

 मग “बरं आई” म्हणाली आणि ठेवला. कानात कापसाचा बोळा ठेव, पाणी जाऊ देऊ नकोस, हे सांगायचं राहिलं. पुन्हा लावला तर लागेना. घाटात बर्फ पडतंय म्हणे.

२१ फेब्रुवारी, रविवार

घाट बंद होऊन दहा दिवस झाले. जिपारचा फोन दोनदा आला, मिनिटभर. मी काही बोलले की “काय? पुन्हा सांग” म्हणते. या फोनच्या नावानं बोटं मोडून थकले.

विचारलं, “गाय कशी आहे?”

म्हणाली, “तू सांगितलंस तसंच करतेय.”

शहाणी पोर आहे. लग्नाआधी मला धास्ती होती, ही एकुलती, लाडात वाढलेली, सासरी टिकेल का. जावई तालाय दिसायला रुबाबदार, पण बोलताना माझ्या डोळ्यांत बघत नव्हता. मी म्हटलं, लाजतोय.

१ मार्च, मंगळवार

आज फोन लागला. तालायनं उचलला. “झोपलीय,” म्हणाला. सकाळचे अकरा वाजले होते. आमच्याकडे कुठली सून अकराला झोपते? आजारी आहे का विचारलं तर म्हणाला, “तुमची लेक जरा हळवीच आहे, आई.” हसून म्हणाला, म्हणून मीही हसले.

फोन ठेवल्यावर मात्र कामात लक्ष लागेना. एकाच पोराचा ताप दोनदा मोजला.

८ मार्च, मंगळवार

आजच लिहून ठेवते. लिहिलं नाही तर उद्या मीच म्हणेन की असं काही झालंच नाही. मला ती सवय आहे, हे आज कळलं.

महिला दिन म्हणून शाळेच्या खोलीत बायका जमल्या होत्या. कणकेचे बोर्सोक तळले होते, चहा, मुरंबा. प्रत्येकीनं पेला उचलून एक शुभेच्छा द्यायची. माझ्यापर्यंत यायच्या आधी उलकान आजी उठली. म्हणाली, “माझ्या लेकींनो, तुमच्या गायी शांत राहोत.” सगळ्या हसल्या, पेले भिडले.

मीही उत्साहानं सांगितलं, “माझ्या जिपारलासुद्धा लाथ बसली हो. कानावर. पण मी तिला फोनवर सगळे नियम सांगितले, आता ठीक आहे.”

हशा थांबला. एकीनं पेला खाली ठेवला. सायकाल माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता, कीव होती.

उलकान आजीनं हळूच विचारलं, “जुरा, तिच्या सासरची गाय आटलीय ना? जानेवारीत लोणी पाठवताना तूच सांगितलंस.”

“हो. एप्रिलात व्यायची आहे.”

“मग आटलेल्या गायीखाली कोण बसतं दूध काढायला?”

उचललेला बोर्सोक मी परत ताटात ठेवला. 

आजी म्हणाली, “आमच्या आज्यांपासून चालत आलंय हे. नवऱ्यानं मारलं असं घराबाहेर तोंडातून काढायचं नाही, मग गाय. नळावर पाणी भरायला जायला लागली की पोरींना कळतं. तुझ्या जिपारलाही तिथेच कळलं.”

“मला कुणी कसं नाही सांगितलं? पंचवीस वर्षं!”

“तुझ्या वहीत लिहिलेलं पोलीस वाचतो. आणि तुझा बेकतुर तसा नव्हता, तुला कोण कशाला सांगेल? आम्हाला वाटायचं, तुला कळतं आणि तू आमची लाज राखतेस. त्या दिवशी गाय घेऊन आलीस अंगणात, तेव्हा कळलं की तुला खरंच ठाऊक नाही.”

घरी आले. ९ फेब्रुवारीचं पान काढून पुन्हा वाचलं. माझ्याच अक्षरात. चूक गायीची नसते. लाथ गोड मानायची. घरची लक्ष्मी. तुला कळतंय ना मी काय म्हणतेय, असं तिनं विचारलं होतं, आणि मी म्हटलं होतं, न कळायला काय झालं.

देवा, माझ्या पोरीनं मला हाक मारली आणि मी तिला असलं उत्तर दिलं.

९ मार्च, बुधवार

फोन बंद. घाट बंद. सायकालकडे जाऊन आले. दार उघडलं तिनं, मी काही बोलायच्या आत म्हणाली, “राहू दे, एजे.” मी रडले. ती रडली नाही, चहा टाकला.

मला खरंच ठाऊक नव्हतं का? चौदा लाथा, आणि त्यांतल्या नऊ तोंडावर. गाय तोंडावर लाथ मारत नाही हे जनावरांच्या डॉक्टरच्या बायकोला कळू नये? बेकतुर सांगत होता, गायी निर्दोष आहेत. याहून स्पष्ट तो बापडा काय सांगणार होता? मला ते शून्य फार आवडत होतं, दुसरं काही नाही.

१३ मार्च, रविवार

काल दुपारी घाट उघडला. कोळशाच्या ट्रकनं गेले. उलकान आजी काठी टेकत येऊन आधीच पुढे बसली होती. म्हणाली, “विहिणीशी बोलायला म्हातारीच लागते. तू पोरीकडे बघ.”

विहीणबाईंनी जेवायची चादर अंथरली, नान मोडून पुढ्यात ठेवले. कुणाच्या घरचा नान न चाखता उठणं म्हणजे त्या घराचा केवढा अपमान, ते मला ठाऊक आहे. मी हात लावला नाही. विहीणबाईंचा चेहरा पडला. तालाय घरात नव्हता. मी विचारलं, जिपार कुठाय? म्हणाल्या, “गोठ्यात.”

गोठ्यात ती पाठमोरी उभी होती, शेण ओढत होती. मी तिच्या डावीकडून जवळ जात हाक मारली, “जिपार!” तिनं वळून पाहिलं नाही. पुन्हा मारली. मग मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

ती खाली बसली. दोन्ही हात डोक्यावर घेऊन, कोपरं पुढे करून, एका झटक्यात. हे शिकायला किती वेळा मार खावा लागला असेल? मग बोटांच्या फटीतून तिनं मला ओळखलं आणि तशीच बसून राहिली. डाव्या कानानं तिला आता काही ऐकू येत नाही. मी रुमाल सारून पाहिलं, आतून पू वाहतोय. महिन्याभराचं आहे. वेळीच औषध मिळतं तर वाचला असता. मी घाटाच्या अलीकडे कापसाच्या बोळ्याचा विचार करत बसले होते.

गाय कोपऱ्यात रवंथ करत होती, पोट टम्म, सड सुकलेले. इतकी गरीब, की मी तिच्या अंगाला टेकून उभी राहिले तरी हलली नाही.

म्हटलं, “जिपार, मला कळलं नव्हतं गं. मला खरी गाय वाटली.”

तिनं उजवा कान माझ्याकडे केला. पुन्हा सांगावं लागलं. दोनदा. ऐकल्यावर ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मला कळलं नव्हतं हे जास्त वाईट की कळूनही ‘राहा’ म्हटलं असतं तर ते, हेच तिला ठरवता येत नव्हतं.

मग म्हणाली, “तू सांगितलंस म्हणून मी केलं, आई. भुकेला असला की जवळ गेले नाही. आधी जेवायला वाढलं. हळू बोलले. माझंच काय चुकतंय ते शोधत बसले. सगळं केलं तू सांगितलेलं.” आणि हुंदका न देता म्हणाली, “पाय तेवढे बांधता आले नाहीत.”

आतून उलकान आजीचा आवाज येत होता, “बाई, मुलगा तुमचा आणि गायीचं नाव बदनाम! त्या मुक्या जनावराची तरी लाज बाळगा.”

तालाय आला तेव्हा जिपार ट्रकमध्ये बसली होती. तो माझ्यासमोर आला. या वेळी डोळ्यांत बघत होता. “नवराबायकोत तुम्ही कशाला पडता?” म्हणाला. मला पुष्कळ बोलायचं होतं, घाटभर जुळवत आले होते. तोंडातून एवढंच निघालं, “माझ्या पोरीचा कान गेला रे.” ट्रकवाल्यानं दार लावून घेतलं.

१४ मार्च, सोमवार

नोंदवही घरी आणली. नाव, वय, दुखापत भरलं. कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. जिपार समोर बसून बघत होती. म्हणाली, “गाय लिही ना. सगळ्या तेच लिहितात.”

“पोलीस वाचेल म्हणून भितेस?”

“तो तालायचा मावसभाऊ आहे.”

“वाचू दे.” मी लिहिलं : नवऱ्यानं मारलं. तालायचं नाव लिहिलं. मारहाणीच्या रकान्यातलं शून्य खोडून एक केलं. अकरा वर्षांचं ते सुबक शून्य. जिपार उठून आत गेली. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल.

२१ मार्च, सोमवार

नोरुझ, नव्या वर्षाचा सण. बायका मोठ्या कढईत गव्हाची खीर ढवळत बसल्यात. जिपार गेली नाही. माझ्याशी बोलते, पण लागेल तेवढंच. मीठ कुठाय, कोळसा संपला. पूर्वी दवाखान्यातून आले की दारातच माझ्या मागे लागून दिवसभराचं सांगायची. ओशच्या डॉक्टरनं तपासलं, पू थांबेल म्हणाला, ऐकू येणार नाही.

काल मी म्हटलं, “माझ्यावर रागव तरी.” ती म्हणाली, “राग नाही गं आई. पण एक महिना मला वाटत होतं की तुला माहीत आहे आणि तरी तू राहा म्हणतेस. आता माहीत नव्हतं हे कळलं, तरी तो महिना जात नाही.”

मी उठून भांडी घासली.

१ एप्रिल, शुक्रवार

सातवं चित्र लावलं. अकराच आल्या. रुमालाबद्दल कुणी बोललं नाही. मी काही शिकवलं नाही, माझी शिकवायची हौस फिटलीय. फक्त सांगितलं, की माझ्या पोरीला गायीनं लाथ मारली असं मी म्हणाले होते, ते खोटं आहे, आणि खरं काय ते सांगितलं. नावासकट.   चहा न घेता गेल्या.

सायकाल दाराशी घुटमळली. बाकीच्या लांब गेल्यावर आत आली. म्हणाली, “एजे, माझ्या दोन्ही लाथा खोडशील का?”

वही काढली. नोव्हेंबर आणि जानेवारी. तिनं जे सांगितलं ते लिहिलं, तिच्यासमोर. लिहून झाल्यावर तिनं ते बोट ठेवून वाचलं आणि रुमाल घट्ट करून घरी गेली. घरी म्हणजे त्याच घरी. ते मला थांबवता आलं नाही.

१७ एप्रिल, रविवार

घाटापलीकडची गाय व्याली म्हणे. कालवड झालीय. गाडीवाल्यानं सांगितलं, जिपार ऐकत होती. “कुठल्या रंगाची?” एवढंच विचारलं तिनं.

अजून ती दचकते. मागून भांडं वाजलं तरी हात डोक्यावर जातात. म्हणून मी आता घरात नीट वागायला शिकलेय. तिच्या उजव्या बाजूनंच जाते. आधी नावानं हाक मारते, तिनं वळून बघितलं की मगच हात लावते. हळू बोलते. आज सकाळी अशीच हाक मारून तिच्या केसांना तेल लावायला बसले, तर तिनं मान मागे टाकली आणि डोळे मिटले. माझे हात गार होते. आधी शेगडीवर शेकून घेतले.